माणसे गेली, जागाही गेल्या

शाळेच्या भिंतीवरील नकाशा मुलांना डोंगर, नद्या व सरहद्दी शिकवितो. परंतु कोणत्या गावाचा शब्द राजधानीत किती ऐकला जाईल हेही अशाच रेघा ठरवितात, हे तो सांगत नाही. राजापूर तालुक्यातील नाटे गावाकडे पाहिले म्हणजे हा राहिलेला धडा ध्यानी येतो.

नाथ पै आणि मधु दंडवते यांनी ज्या राजापूर मतदारसंघाचे नाव लोकसभेत गाजविले, तो २००८ च्या फेररचनेत नाहीसा झाला. राजापूर रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नव्या मतदारसंघात गेले; दापोली व गुहागर रायगडास जोडले गेले. विधानसभेत रत्नागिरी जिल्ह्याच्या सात जागांच्या पाच झाल्या, तर मुंबईच्या ३४ च्या ३६ आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४ झाल्या. एकूण जागा मात्र २८८ च राहिल्या.

यात कोणाचे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. २००१ च्या जनगणनेनुसार डोकी मोजली गेली, आणि कोकणातील डोकी पोटामागे केव्हाच शहरात गेली होती. चाकरमानी गणपतीस व शिमग्यास गावी येतो. मोजला जातो तो मुंबईत. २०११ च्या जनगणनेत तर रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ८२ हजारांनी घटलेली दिसली.

माणसे गेली तरी समुद्र जागीच राहिला. खाडीपलीकडे माडबन येथे ९,९०० मेगावॉटचा अणुवीजप्रकल्प योजण्यात आला. त्यास विरोध होत असता १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक जण प्राणास मुकला. प्रकल्पाची योग्यायोग्यता हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु वीज हवी असणारे बहुसंख्य आणि मासेमारीची चिंता वाहणारे मूठभर, असा सामना असता मूठभरांचे गाऱ्हाणे सभागृहात पोचण्याची वाटही अरुंद व्हावी, हे लोकशाहीस शोभणारे नाही.

एक माणूस, एक मत हे तत्त्व आम्हांस शिरोधार्य आहे. जमिनीला मताधिकार द्या, असे आम्ही म्हणत नाही. तथापि भूरचना, दळणवळण व लोकांची सोय यांकडे लक्ष द्यावे, असे २००२ चा परिसीमन कायदाच सांगतो. पुढील फेररचनेत या कलमास संख्येच्या ओझ्याखाली चिरडू नये. आणि जेथे जागा घटतात, तेथे जमीन व समुद्र यांच्या प्रश्नांत ग्रामसभेच्या शब्दाचे वजन वाढविले पाहिजे.

शहरवासी कोकणी वाचकांस एवढेच सांगणे की, गावातून गेलेले मत हरवलेले नाही. ते आपल्या हाती आहे. शहरातील उमेदवार दारी येईल तेव्हा नळाच्या पाण्याबरोबर नाट्याच्या खाडीचाही प्रश्न त्यास विचारावा.