वृद्धाश्रमात हयगय झाली? तक्रारीचे दिवस आधी मोजा

पैसे भरून वृद्धाश्रमात किंवा नर्सिंग होममध्ये ठेवलेल्या दादीची कूस कुणी बदलली नाही, पाठीला जखमा झाल्या. घरात म्हणतात, 'सब्र करा, आता बोलून काय होणार?' सब्र जरूर करावा, पण कायद्याची मुदत थांबत नाही.

पैसे घेऊन दिलेल्या सेवेत हयगय झाली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पेशंट वारले असतील तर वारसही करू शकतात. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. आधी केसपेपर लेखी मागा. डॉक्टरांनी ते 72 तासांत द्यावेत, असा नियम आहे.

घरच्यांनीच अम्मी-अब्बांना सांभाळले नाही, तर 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. तो सर्व धर्मीयांना लागू आहे. आपल्या औरंगाबादेतही (छत्रपती संभाजीनगर) अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातो. इथे 90 दिवसांचा आकडा ऐकून लोक गोंधळतात. ते 90 दिवस आपले नाहीत. नोटीस बजावल्यापासून तेवढ्यात पोटगीचा निकाल लावायचा, हे न्यायाधिकरणावर बंधन आहे. आपली मुदत अपिलाची, आदेशापासून 60 दिवस.

म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी कायमचे सोडून देणे हा गुन्हाच आहे. शिक्षा 3 महिन्यांपर्यंत असल्याने कोर्ट त्याची दखल साधारण 1 वर्षाच्या आतच घेते. मारहाण असेल तर थेट पोलीस ठाणे गाठा. कुठे जावे कळत नसेल तर ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन 14567 आहे.