ताट तेच, प्रमाण वेगळे

मराठी ताटाला डावी आणि उजवी बाजू असते. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ आणि आमटी, मध्ये वरण-भात, पोळी किंवा भाकरी, शेवटी ताक. या मांडणीत आहारशास्त्राला नाव ठेवण्यासारखे फारसे काही नाही. धान्यातील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर मिळते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यातून भरून निघते. म्हणून वरण-भाताची जोडी एकेकट्या वरणापेक्षा किंवा भातापेक्षा सकस ठरते. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील आणि पालेभाजीतील लोह अधिक चांगले शोषले जाते.

रोज मात्र हे ताट पूर्ण वाढले जात नाही. कामाच्या दिवशी डब्यात चार पोळ्या आणि सुकी भाजी जाते, तीही बऱ्याचदा बटाट्याची. रात्री वरण-भात, नाहीतर उरलेल्या पोळ्या. कोशिंबीर सणावारापुरती उरते आणि उसळ आठवड्यातून एखाद-दोनदा होते. ताटाचा मध्य फुगत गेला आणि दोन्ही बाजू आक्रसल्या. नीट खाण्याचा रोजचा झगडा मुख्यतः याच असमतोलाशी आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत २००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी कच्च्या जिन्नसांची मापे दिली आहेत: धान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४००, फळे १००, शेंगदाण्यांसारखे तेलबिया-दाणे ३५ आणि तेल-तूप २७ ग्रॅम, शिवाय दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. मांसाहारी घरांत डाळींचा काही वाटा अंडी, मासे किंवा मटण घेऊ शकतात. धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे संस्था सांगते. प्रत्यक्षात भारतीय आहारात हे प्रमाण ५० ते ७० टक्के आहे.

हा फरक एखाद्या घरात कसा दिसतो? चार माणसांचे कुटुंब घेऊ. प्रत्येकी दोन्ही वेळच्या मिळून सहा पोळ्या, एका पोळीला सुमारे ३० ग्रॅम कणीक, म्हणजे १८० ग्रॅम. दोन वेळचा भात ८० ग्रॅम तांदळाचा. सकाळचे पोहे ५० ग्रॅम. धान्याची बेरीज ३१० ग्रॅमवर गेली. दिवसभरासाठी वाटीभर, म्हणजे साधारण १५० ग्रॅम तूरडाळ शिजली, तर एकाच्या वाट्याला चाळीस ग्रॅमही येत नाही. दोन्ही वेळा पाव-पाव किलो भाजी केली, तर माणशी सव्वाशे ग्रॅम. चारशेच्या हिशेबाने याच घरात रोज दीड किलोहून अधिक भाजी यायला हवी, आणि तिच्यात प्रत्येकासाठी शंभर ग्रॅम पालेभाजी. या घरात कोणी अरबटचरबट खात नाही. सगळे घरचेच खातात. तरी ताट एकीकडे कललेले आहे.

असे होण्याला इतिहास आहे. देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात रोजची भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची होती. कोकणात भात, मासे आणि नाचणी. गव्हाची पोळी सणाची. हरितक्रांतीनंतर गहू आणि तांदूळ मुबलक झाले, रेशनवर स्वस्त मिळू लागले, आणि अन्नसुरक्षा कायद्याखालील कुटुंबांना १ जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतात. डाळ आणि भाजी मात्र बहुतांशी बाजारभावाने घ्यावी लागते. तंग हातात पोट भरायचे तर धान्यच वाढते.

दुसरे कारण वेळेचे आहे. मेथीची जुडी घरी आली की आधी निवडायची, मुळे आणि जून देठ काढायचे, माती जाईपर्यंत तीन-चार पाण्यांत धुवायची, मग चिरायची. कढईत पडताच एवढ्या पसाऱ्याची दोन वाट्या भाजी होते. मटकी आदल्या दिवशी भिजवून मोड आणायचे तर दीड दिवस आधी लक्षात ठेवावे लागते. बटाट्याच्या काचऱ्या पंधरा मिनिटांत होतात. निवडणे, भिजवणे, वाटणे ही कामे अजूनही बहुतेक घरांत एकट्या बाईकडेच असतात. ती नोकरीही करत असेल, तर सर्वांत आधी पालेभाजी आणि उसळच गळते. सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारीच्या वाट्याला भाजी उरतेच असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे.

दुसरीकडे मधुमेह आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १५.३ टक्के प्रौढ त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एकाच घरात सुनेला लोहाच्या गोळ्या आणि सासऱ्यांना साखरेच्या, हे चित्र त्यामुळे नवलाचे राहिलेले नाही. दोन्ही दुखण्यांना इतर कारणेही असतात. पण धान्य जास्त आणि डाळ-भाजी कमी, हा धागा दोन्हींत आहे.

काही जिन्नस मोजदादीतून निसटतात. चहा हा त्यांतला पहिला. कपाला दोन चमचे, म्हणजे आठ-दहा ग्रॅम साखर धरली, तर तीन कपांत दिवसाची २५ ग्रॅमची मर्यादा संपते. शिवाय जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाचे शोषण कमी करतो. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, सपाट चमचाभर. पापड, लोणचे आणि फरसाण तिच्यातच मोजायचे असतात. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्याच्या खिचडीत जे काही प्रथिन असते, ते मुख्यतः दाण्याच्या कुटाचे. ‘पौष्टिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांचा पुडा उलटा करून पाहावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. मैदा, साखर आणि पामतेल ही नावे सुरुवातीलाच असतील, तर पुढच्या बाजूचे गव्हाच्या लोंबीचे चित्र निरर्थक ठरते.

भाकरीविषयीही एक गैरसमज दूर व्हायला हवा. ज्वारी आणि न चाळलेली कणीक यांतील तंतू आणि प्रथिने जवळपास सारखीच असतात. भाकरीला तेल लागत नाही, ती सावकाश चावून खावी लागते आणि तिच्यासोबत झुणका, उसळ किंवा पालेभाजी येते, हे तिचे खरे गुण. चार भाकरी आणि नुसता ठेचा हे जेवणही एकांगीच. नाचणीचे मात्र वेगळे आहे: शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे तांदळाच्या कितीतरी पट आहे.

उपाय परंपरेतच विखुरलेले आहेत. खानदेशातील कळण्याची भाकरी ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची असते. थालीपिठाच्या भाजणीत धान्ये आणि डाळी एकत्र भाजल्या जातात. म्हणजे डाळ वेगळी शिजवायला वेळ नसला, तरी ती पिठातूनच पोटात जाते. जवस, कारळे, तीळ आणि शेंगदाण्याच्या कोरड्या चटण्या एकदा कुटल्या की आठवडाभर पुरतात. पोह्यांत मटार, मोड आलेली मटकी आणि वर लिंबू घातले की पोहे कमी लागतात. वरण घट्ट करणे, भाताच्या आधी कोशिंबीर खाणे, पालेभाजी रविवारी सगळ्यांनी मिळून निवडून ठेवणे, हे बदल छोटे असल्यामुळेच टिकतात. सगळे एकदम बदलणारे पथ्य सहसा पहिल्या लग्नाच्या पंगतीपर्यंतच चालते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळ वाढवण्याआधी आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आपले ताट किती कलले आहे, हे वाण्याच्या यादीवरून कळते. पोषण संस्थेच्या मापाने चार माणसांना महिन्याला धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये १० किलो, दाणे व तेलबिया सुमारे ४ किलो आणि तेल-तूप मिळून सव्वातीन किलो लागते. घरची यादी या आकड्यांशेजारी ठेवावी आणि पुढच्या महिन्यात तिच्यातली एकच ओळ दुरुस्त करावी. बहुतेक घरांत ती ओळ डाळीची असेल.