टायर बदलताना

दुचाकी रस्त्याला टेकते ती जेमतेम तळहाताएवढ्या दोन जागांवर. पावसाळ्यात बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास जाताना मागे बसलेल्या माणसाचा जीवही तेवढ्याच आधारावर असतो. म्हणून नवा टायर घेताना किमतीआधी त्याच्या कडेवरची अक्षरे वाचावीत, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

‘१००/९०-१७ ५५ पी’ असे लिहिलेले असेल, तर रुंदी १०० मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिमचा व्यास १७ इंच. ५५ हा आकडा २१८ किलो भाराची, तर ‘पी’ हे अक्षर ताशी १५० किलोमीटर वेगाची मर्यादा दाखविते. ही मापे गाडीच्या पुस्तिकेशी जुळावीत. ऐटीसाठी फार रुंद टायर चढविला, तर अरुंद रिमवर तो चिमटतो आणि गाडी वळणावर नीट वळत नाही.

दुकानात नवाकोरा दिसणारा टायर वर्षानुवर्षे पडून राहिलेलाही असू शकतो. कडेवरचे चार आकडे पाहावेत. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दिशा दाखविणारा बाण असल्यास टायर त्याप्रमाणेच बसवून घ्यावा.

आपल्या देशातील नियमांनुसार दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरहून उथळ असू नये. परंतु ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी ढिली होते. तेव्हा मृगापूर्वीच टायर तपासावेत. नवा टायर प्रथम गुळगुळीत असतो. पहिले शंभरेक किलोमीटर गाडी बेतानेच हाकावी.