हरितद्रव्य हरपल्यानंतर : एकपेशीय शैवालांतील कायमस्वरूपी परिवर्तन

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील चौल हे प्राचीन बंदर दोन प्रकारच्या पाण्यांच्या सान्निध्यात वसले आहे. एकीकडे रामेश्वर मंदिराच्या पुष्करणीसारखे साठलेले गोडे पाणी, तर दुसरीकडे रेवदंड्याजवळील कुंडलिकेची खाडी व अरबी समुद्र. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांतून परिचित असलेली हिरवी युग्लीना ही गोड्या पाण्यातील, तर रात्री लाटांना निळसर तेज देणारी नॉक्टिल्युका ही अरबी समुद्रातील. नॉक्टिल्युकाजवळ स्वतःचे हरितद्रव्य नाही. तिच्या पूर्वजांजवळ मात्र ते होते. एकपेशीय शैवालाने प्रकाशसंश्लेषणाची क्षमता कायमची गमावल्यास त्याच्या पेशीत कोणते बदल घडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तात्पुरता आणि कायमचा लोप

अंधारात वाढविलेली युग्लीना फिकट पडते, परंतु प्रकाशात आणताच तीन-चार दिवसांत पुन्हा हिरवी होते. येथे हरितलवक नष्ट झालेला नसतो, केवळ अविकसित राहिलेला असतो. १९४८ मध्ये प्रोव्हासोली, हटनर व शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिनचा प्रयोग करून वेगळाच परिणाम दाखवून दिला. हरितलवकातील रायबोसोम जीवाणूंच्या रायबोसोमांशी साम्य राखतात. त्यामुळे या प्रतिजैविकाने लवकाची वाढ खुंटली. पेशीविभाजन मात्र चालू राहिले. काही पिढ्यांनंतर रंगहीन पेशी निर्माण झाल्या आणि औषध काढून घेतल्यावरही त्यांची संतती हिरवी झाली नाही. मात्र त्या मेल्या नाहीत. माध्यमातील तयार सेंद्रिय पदार्थ शोषून त्या वाढत राहिल्या. स्वयंपोषी जीव परपोषी झाला.

निसर्गातही असे घडलेले आहे. युग्लीना लाँगा ही जाती रंगहीन आहे. हिरव्या युग्लीना ग्रॅसिलिसच्या लवकातील डीएनए सुमारे १,४३,००० बेसजोड्यांचा, तर लाँगाचा सुमारे ७३,००० बेसजोड्यांचा आहे. जे कार्य उरले नाही, त्याच्या जनुकांतील दोष निवडीच्या चाळणीत अडत नाहीत. ते साचत जातात आणि अखेरीस जनुकेच गळून पडतात. म्हणूनच मागे फिरण्याची वाट बंद होते.

लवक शिल्लक का राहतो?

प्रकाशसंश्लेषण संपले तरी बहुतेक वेळा लवक नाहीसा होत नाही, ही बाब विशेष लक्षणीय आहे. अध्यापनात हरितलवकाची ओळख 'पेशीचे स्वयंपाकघर' अशी करून दिली जाते; परंतु मेदाम्ले, आयसोप्रिनॉइड संयुगे व हीम यांच्या निर्मितीची कामेही अनेक शैवालांत तेथेच चालतात. चूल विझली तरी ही कामे थांबवून चालत नाही. पॉलिटोमेला या रंगहीन शैवालाच्या लवकात डीएनएच उरलेला नाही, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. तरीही केंद्रकातील जनुकांच्या आधारे तो लवक टिकून आहे व स्टार्चचा साठा करतो. क्लोरेलाचा रंगहीन आप्त असलेला प्रोटोथेका तर गाई-म्हशींमध्ये कासदाह निर्माण करू शकतो.

सर्वांत बोलके उदाहरण मलेरियाच्या परजीवीचे आहे. प्लास्मोडियमच्या पेशीत सुमारे ३५,००० बेसजोड्यांचा डीएनए असलेला लवक, म्हणजे एपिकोप्लास्ट, आहे. त्याचे पूर्वज प्रकाशसंश्लेषण करीत असत. २००८ मध्ये वर्णन करण्यात आलेल्या क्रोमेरा व्हेलिया या त्याच्या प्रकाशसंश्लेषी आप्ताने या निष्कर्षाला बळ दिले. मानवी पेशीत लवक नसतो. म्हणूनच डॉक्सिसायक्लिनसारखे औषध परजीवीच्या या जुन्या वारशावर नेमका आघात करू शकते.

अरबी समुद्रातील उसनी हिरवाई

नॉक्टिल्युका हे सुमारे ०.२ ते २ मिलिमीटर आकाराचे द्विकशाभी आहे. ते डायटम व अन्य सूक्ष्मजीव गिळून जगते. अरबी समुद्रात मात्र त्याचे हिरवे रूप आढळते. हा रंग त्याचा स्वतःचा नव्हे. पेशीच्या रिक्तिकेत वास्तव्य करणाऱ्या हजारो सूक्ष्म हिरव्या शैवालांचा तो आहे. गमावलेली क्षमता येथे परत मिळालेली नाही, ती पाहुण्यांकडून उसनी घेतली गेली आहे.

या सहजीवनाचे परिणाम दूरगामी आहेत. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात या हिरव्या नॉक्टिल्युकाचे विस्तीर्ण बहर दिसू लागले. तत्पूर्वी तेथे डायटमांचे प्राबल्य असे. हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या बदलाचा संबंध पाण्यातील प्राणवायूच्या घटीशी जोडला. या कारणमीमांसेबाबत नंतर मतभेदही व्यक्त झाले. मात्र नॉक्टिल्युका खाणारे प्राणी मोजके, मुख्यतः साल्प व जेलीफिश. डायटमांवर उभी असलेली अन्नसाखळी त्यामुळे माशांपासून दूर वळण्याची भीती आहे. अरबी समुद्रावर उपजीविका करणाऱ्या मच्छीमारांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

निष्कर्ष

प्रकाशसंश्लेषणाचा लोप म्हणजे केवळ ऱ्हास नव्हे. जनुके गळतात, पोषणपद्धती बदलते, काही जाती परजीवी होतात, तर काही नवे सोबती जोडतात. परंतु जुन्या लवकावरील अवलंबित्व सहसा सुटत नाही. हेच अवलंबित्व त्या जीवांचा इतिहास सांगते आणि रोगनियंत्रणाची दिशाही दाखविते. त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या वर्गात हरितलवक शिकविताना त्याच्या हिरवेपणापलीकडील कार्यांनाही तितकेच स्थान मिळणे अगत्याचे ठरते.