पुढे काय झाले ?

जपानमध्ये क्योतो नावाचे एक जुने शहर आहे. इ. स. ७९४ मध्ये ते जपानची राजधानी झाले. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी तेथील राजवाड्यात मुरासाकी शिकिबू नावाची एक विदुषी होती. ती सम्राज्ञीच्या सेवेत होती. तिने 'गेन्जीची कथा' हा मोठा ग्रंथ लिहिला. त्याची ५४ प्रकरणे आहेत. गेन्जी हा सम्राटाचा देखणा मुलगा. त्याची आणि त्याच्या पुढच्या पिढीची ही कथा. तिच्यात राजवाडे आहेत, उत्सव आहेत आणि माणसांना छळणारे आत्मेही आहेत !

त्या काळी अशी पुस्तके छापत नसत. प्रत्येक प्रकरण हाताने उतरवून घ्यावे लागे. राजधानीपासून दूर राहणाऱ्या एका मुलीने या कथेतले थोडेसे प्रसंग घरच्या मंडळींकडून ऐकले. सगळी गोष्ट कोणालाच आठवेना. "मला राजधानीत जाऊ दे, सगळ्या गोष्टी वाचू दे," अशी ती बुद्धाची प्रार्थना करी. पुढे ती क्योतोला आली. तेथे १०२१ च्या सुमारास तिच्या एका आप्त बाईने तिला ही सर्व प्रकरणे भेट दिली. मग काय ! दिवसभर आणि रात्री दिव्याच्या उजेडात ती वाचतच राहिली. मोठेपणी तिने आपल्या आठवणी लिहिल्या, म्हणून आपल्याला हे कळते.

पण या कथेत दोन कोडी आहेत. त्यांवर वाचक आजही वाद घालतात.

पहिले कोडे गेन्जीचे. ४१ व्या प्रकरणात गेन्जी दुःखी आहे, पण जिवंत आहे. पुढचे प्रकरण उघडावे, तर गेन्जी आता या जगात नाही ! तो कसा गेला, हे सांगितलेलेच नाही. या दोन प्रकरणांच्या मध्ये एक नुसते नाव आढळते. त्याचा अर्थ 'ढगाआड'. नावाखाली एक अक्षरही नाही. कोणी म्हणतात, हे प्रकरण हरवले. कोणी म्हणतात, लेखिकेने ते मुद्दाम कोरे ठेवले. आणखी कोणी म्हणतात, ते नाव मागाहून दुसऱ्यानेच घातले.

दुसरे कोडे उकिफुनेचे. क्योतोजवळ उजी नावाचे गाव आहे. कथेची शेवटची दहा प्रकरणे बरीचशी याच भागात घडतात. उकिफुने ही तरुणी उजी नदीच्या काठावरून नाहीशी होते. ती बुडाली, असे समजून घरचे लोक तिचे अंत्यसंस्कारही करतात. पण एक भिक्षू तिला वाचवतो. ती भिक्षुणी होते. ती जिवंत असल्याचे काओरू या सरदाराला कळते. तो तिच्या धाकट्या भावाबरोबर पत्र पाठवतो. ती उत्तर देत नाही. भाऊ तसाच परत येतो आणि येथेच कथा थांबते !

कथा अपुरी राहिली का ? काही वाचक म्हणतात, "होय. एवढी मोठी कथा अशी एकाएकी कशी संपेल ?" दुसरे म्हणतात, "नाही. उकिफुनेला जुने आयुष्य नको होते. तिचे गप्प राहणे हेच तिचे उत्तर." पुढे एका वाचकाने तर या कथेचा पुढचा भाग स्वतःच लिहिला. 'डोंगरवाटेवरचे दव' असे त्याच्या नावाचा अर्थ आहे.

आपल्याकडेही असे घडले आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतमध्ये 'कादंबरी' लिहिली. ती अपुरी राहिली. त्याच्या मुलाने ती पूर्ण केली. मराठीतला 'कादंबरी' हा शब्द त्या ग्रंथावरूनच आला.

२०१९ मध्ये गेन्जीच्या कथेच्या पाचव्या प्रकरणाची एक फार जुनी प्रत तोक्योतील एका घरात सापडली. सुमारे ८०० वर्षांपूर्वी तेइका नावाच्या कवीने ती तयार करवून घेतली होती. ते प्रकरण सर्वांना ठाऊक होते. पण प्रत सापडताच विद्वानांनी तिच्यातील शब्द ताडून पाहिले. नवा पुरावा मिळाला, की जुने मत पुन्हा तपासावे लागते.

गोष्टीवर वाद घालण्यात मोठी मजा असते. मात्र "मला असे वाटते" एवढे म्हणून भागत नाही. गोष्टीतले कोणते वाक्य तसे सांगते, ते दाखवावे लागते. त्यासाठी गोष्ट पुन्हा वाचावी लागते, दुसऱ्याचे म्हणणेही ऐकावे लागते. वाचक असे वाचत राहिले, म्हणूनच ही कथा हजार वर्षे टिकली. आता तुम्हीच सांगा, उकिफुनेने उत्तर का दिले नसेल ?