यखनी पायांपर्यंत पोहोचते का?

आमची इमारत मीरा रोडच्या नया नगरात, चार मजल्यांची, लिफ्ट नाही. मागच्या पावसाळ्यात अम्मी तापाने पंधरा दिवस बिछान्यावर होत्या. वय ७२. आम्ही घरच्यांनी खाण्यापिण्यात कसर ठेवली नाही: यखनी, अंडी, डाळ, दूध. ताप उतरला, पण जिना उतरायची वेळ आली तेव्हा पाय लटपटू लागले. एवढे खाऊ घातले ते गेले कुठे?

प्रथिनांनी स्नायू बनतात, असे आम्हीच वर्गात शिकवतो. ते खरे आहे, पण अर्धे.

स्नायू रात्रंदिवस थोडा झिजतो आणि थोडा नव्याने बांधला जातो. अंडी-डाळीतल्या प्रथिनांची पोटात अमिनो आम्ले होतात आणि बांधणीचे हे सामान रक्तच स्नायूपर्यंत नेते. जेवणानंतर इन्शुलिन वाढते. आपण त्याचे नाव फक्त साखरेशी जोडतो. पण स्नायूंतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या मोकळ्या करणे हेही त्याचेच काम. उतारवयात त्या पूर्वीसारख्या मोकळ्या होत नाहीत. टँकर गेटवर उभा, पण पाणी वर चढवणारा पंप मंद, अशी गत. मीरा-भाईंदरकरांना याहून जास्त समजावायला नको!

अमेरिकेत टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन येथील संशोधकांनी २००७ साली हेच दाखवले. वयस्कर पण निरोगी माणसांना ४५ मिनिटे चालवले. दुसऱ्या दिवशी इन्शुलिन दिल्यावर त्यांच्या पायांतला रक्तप्रवाह वाढला आणि स्नायूंची बांधणीही. जे चालले नव्हते त्यांच्यात तसे झाले नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात निरोगी वृद्ध १० दिवस बिछान्यावर राहिले. जेवणात प्रथिने नेमून दिलेल्या प्रमाणात होती, तरी पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला.

आपल्याकडे तर मुळात पुंजीच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आत स्नायू थोडा.

म्हणून बरे झालेल्या माणसाला "पडून राहा, आराम करा" असे मायेने म्हणताना आम्ही आता जरा थांबतो. नुसते चालूनही भागत नाही, खाणे हवेच. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.)

डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही अम्मींना आधी गॅलरीत चालवले. मग असरनंतर नात हात धरून एकेक मजला उतरवू लागली. तिसऱ्या आठवड्यात त्या गेटपर्यंत पोहोचल्या, भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून घासाघीस केली आणि जुडी स्वतःच्या हाताने वर आणली. मध्ये दोनदा बसल्या, पण जुडी नातीला दिली नाही.