लाल पडलेला समुद्र

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्यातून जुने आल्बम निघतात. कोकणाशी नाते असलेल्या घरी एखाद्या पानावर हर्णैच्या नाहीतर मालवणच्या वाळूत सारे कुटुंब ओळीने उभे असलेला फोटो हमखास सापडतो. फोटो १९७० च्या आसपासचा, म्हणजे रंगीत. पण रंग कसला! माड तपकिरी, आभाळ गुलाबी आणि समुद्रात जणू कोणी कुंकू कालवले आहे. त्याच ट्रंकेतला आजोबांच्या तरुणपणचा काळा-पांढरा फोटो मात्र अजून खणखणीत! हा उफराटा न्याय कसा?

काळ्या-पांढऱ्या फोटोतले चित्र चांदीच्या बारीक कणांचे असते. रंगीत कागदावर चांदी उरत नाही. तिथे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. एक निळसर-हिरवे, एक किरमिजी, एक पिवळे. तिन्हींचे आयुष्य सारखे नसते. त्या काळच्या कागदावर, आल्बममध्ये अंधारात ठेवूनसुद्धा, बहुधा निळसर-हिरवे द्रव्य आधी उडते, पिवळेही विरते आणि किरमिजी तेवढे तग धरते. समुद्र लाल होतो तो त्यामुळे. भिंतीवर उजेडात टांगलेल्या फोटोची गोष्ट निराळी. तिथे पुष्कळदा किरमिजीच आधी निघून जाते.

असा फोटो कृष्णधवल करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मोबाइलवरचे बटण दाबून नव्हे. ते बटण बहुधा एका ठरीव पाककृतीने चालते: तांबडा ३० भाग, हिरवा ५९, निळा ११. माणसाच्या डोळ्याला कोणता रंग किती उजळ दिसतो त्यावरून दूरदर्शन-संचांसाठी हे प्रमाण बसवलेले आहे. धडधाकट फोटोला ते चालते. पण आपल्या फोटोतला तांबड्याचा हिशेब पार बिघडलेला. नासलेले दूध ३० भाग घालून खीर कशी साधेल?

त्यापेक्षा फोटो रंगीतच स्कॅन करावा (सुरुवातीलाच काळा-पांढरा करू नये, निवड करायला मग काही उरत नाही) आणि संगणकावर त्याची तांबडी, हिरवी, निळी अशी तीन चित्रे अलग पाहावीत. तांबडे चित्र धुरकट दिसेल, निळे विटलेले. हिरव्यात मात्र लाटेची कड, होडीचा दोर, आत्याच्या लुगड्याचे काठ असे सारे पुन्हा उमटलेले दिसेल. कारण साधे आहे. किरमिजी द्रव्य हिरवा प्रकाश अडवते. तेव्हा जे द्रव्य टिकले, त्याचे चित्र हिरव्यातच वाचता येते. तेवढे एकच ठेवावे आणि बाकीची दोन सोडून द्यावीत.

ज्यांचे रंग शाबूत आहेत, अशा फोटोंत निवडीला आणखी वाव असतो. जांभ्याची भिंत आणि मागे निळे आभाळ घ्या. तांबड्या चित्रात जांभा उजळतो, आभाळ गडद होते आणि लाटांचा फेस पांढराशुभ्र उठतो. निळ्या चित्रात तोच जांभा कोळशासारखा आणि आभाळ कोऱ्या कागदासारखे! शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या समुद्रचित्रांत आभाळ कोरे दिसते ते याच कारणाने: त्या वेळच्या काचांना निळा प्रकाश फार लवकर लागे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५७ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची एक काच, ढगांची दुसरी, आणि दोन्ही मिळून एक चित्र. लोक थक्क झाले.

आपल्यालाही मग मोह होतो, की हर्णैच्या मागे थोडे काळेभोर आभाळ आणावे. पण गडद आभाळ ज्या तांबड्या चित्रातून यायचे, तेच तर लाल पडलेल्या फोटोत मेलेले असते. वरून घातलेले ढग म्हणजे छायाचित्र नव्हे, रंगकाम. दिवाणखान्यात लावायला खुशाल करा. पण त्या दिवशी सुवर्णदुर्गावर ढग होते असे नातवंडांना सांगू नका.

रंग काढताना काही गमावतेही. होड्यांवरचा तांबडा पट्टा आणि हिरवा पट्टा करड्यात एकरूप होऊ शकतात, आणि ‘ही आपली होडी’ असे सांगणारी खूण नाहीशी होते. उलट, तपकिरी झाक देऊन १९७५ चा फोटो १९३५ चा भासवणे हा तर शुद्ध खोटेपणा. किनारा बदलतो, धक्के बांधले जातात, वाळू सरकते. पूर्वी पाणी कुठवर होते हे सांगायला कित्येक गावांत घरगुती फोटोंवाचून दुसरा साक्षीदार नसतो. त्याचे वयच खोटे लिहिले तर साक्ष काय कामाची?

म्हणून मूळ लाल स्कॅन जशाच्या तसा जपावा आणि कृष्णधवल प्रत वेगळी करावी. आल्बमच्या पानाला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. पानासकट स्कॅन करावा. कोकणच्या दमट हवेत बुरशी येतेच, पण ती ओल्या फडक्याने पुसली तर वरचा जिलेटिनचा थरच निघून येईल. आणि फोटो सुटा असेल तर पाठही स्कॅन करा. गावाचे नाव आणि साल पुष्कळदा तिथेच, पेन्सिलीने लिहिलेले असते.